आजीच्या चंचीतली भोकाची पई : निजामाच्या मुलखातला खुर्दा

गंगथडी

नमस्कार मंडळी. दिवाळीआधी गावाकडचा वाडा झाडायला गेलो होतो. सेलूजवळ गाव आहे आमचं, परभणी जिल्हा. माळवदाची माती यंदा फार गळाली, म्हणून मधल्या खोलीतलं सगळं सामान बाहेर काढलं, तेव्हा देवळीच्या आत मागच्या अंगाला आजीची चंची सापडली. आजीला जाऊन एकोणीस वर्षं झाली. चंचीच्या एका कप्प्यात दगडासारखी झालेली सुपारी, दुसऱ्यात कात, आणि तिसऱ्या कप्प्यात सत्तावीस नाणी.

चांदीचं त्यात एकही नाही. अकरा चौकोनी, कोपरे गोल केलेले, तांबूस. चौदा बारकी, कोटाच्या गुंडीएवढी, मधे भोक. आणि दोन गोल, जाडसर, झिजलेली, ज्यांच्यावर वेलीसारखी गुंतलेली अक्षरं आहेत. घरातले म्हणाले, किरकोळ आहे, मोडीत दे. मी दिली नाहीत. गेले पंधरा दिवस त्यांच्याच मागे लागलोय.

जे कळलं ते असं. तिन्ही प्रकार हैदराबाद संस्थानचे, सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या काळातले. उस्मान अली १९११ मध्ये गादीवर आले. चौकोनी तो एक आणा. भोकाची ती दोन पई. गोल जाडसर तीही दोन पईच, पण आधीच्या घडणीची. तिच्यावरची गुंतलेली अक्षरं म्हणजे तुघ्रा. राजाचा किताब एकाच आकृतीत विणून लिहायची ती पद्धत. त्यात ‘निजाम-उल-मुल्क आसफजाह बहादूर’ असं दडलेलं आहे. चांदीच्या रुपयावर, अधेलीवर, पावलीवर चारमिनार असायचा आणि त्याच्या कमानीत ‘ऐन’ हे अक्षर, उस्मान अलींच्या नावातलं पहिलं. त्यांच्या वडिलांच्या, महबूब अलींच्या रुपयावर त्याच जागी ‘मीम’ होतं. आमच्या आजीच्या हातात आलेल्या तांब्याच्या नाण्यावर मात्र चारमिनार नाही.

मला सगळ्यात जास्त ज्याने धरून ठेवलं ते हिशोबाचं गणित. इंग्रजी मुलखात आण्याचे चार पैसे, रुपयाचे चौसष्ट. पैसा म्हणजे तीन पै. निजामाच्या टांकसाळीत तीन पईचं नाणं पाडतच नव्हते. तिथं दोन पईचं नाणं, म्हणजे आण्याला सहा आणि रुपयाला शहाण्णव. आजी ‘सहा पैशाचा आणा’ म्हणायची तेव्हा आम्ही शाळकरी पोरं तिला हसायचो, कारण आमच्या पुस्तकात चार पैशांचा आणा होता. आजी बरोबर होती. ती दुसऱ्या राज्यातलं गणित करत होती.

जुन्या नाण्यांवर लिहिणारे बहुतेक लोक मोहरा आणि रुपये यांच्यावरच लिहितात. मोहर आमच्या गावात कुणी बघितली असेल असं वाटत नाही. रुपया सुद्धा सुगीला यायचा आणि सावकाराकडे जायचा. वर्षभर जे हातात फिरलं ते हेच, मिठाला, तेलाला, बाजारच्या दिवशी पोराच्या हातावर ठेवायला. म्हणून मला या खुर्द्याबद्दलच बोलायचं आहे. कुणाच्या घरी अशी नाणी असली, घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून काही ऐकलं असलं, तर इथं सविस्तर लिहा.

एक विचारायचं होतं. भोकाच्या नाण्यांवर साल कसं वाचायचं? फारसी अंक मला धड येत नाहीत. काहींवर १३६२ वाटतं, काहींवर १३६५, तीनांवर १३६७.

तुळजाई

गंगथडी, फार चांगला धागा काढलात. मी धाराशिव जिल्ह्यात शिक्षिका होते, आता निवृत्त. माझ्या वडिलांचं शिक्षण उर्दू माध्यमातलं, त्यामुळे अंक आणि अक्षरं लहानपणीच शिकले.

आधी साल. ते हिजरी आहे. आपल्याकडच्या जुन्या जमिनीच्या कागदांवर फसली साल असतं, त्याच्याशी गल्लत करू नका. फसलीत ५९० मिळवले की ढोबळमानाने इसवी सन निघतो. हिजरीचं वर्ष चांद्र, अकराएक दिवसांनी लहान, त्यामुळे नुसतं मिळवून चालत नाही. सोपी रीत अशी की हिजरी सालाला ३३ ने भागा, आलेला आकडा त्याच सालातून वजा करा, मग ६२२ मिळवा. १३६२ करून बघा, १९४३ च्या आसपास येतं. महायुद्ध ऐन भरात होतं, धातूची टंचाई होती. त्याच वर्षी इंग्रज सरकारनेही भोकाचा पैसा काढला. दोन्हीकडच्या टांकसाळींनी मधला धातू वाचवला.

आता अंक. डावीकडून उजवीकडे, आपल्यासारखेच वाचायचे. एक म्हणजे उभी रेघ. दोनाला वर एक दात, तिनाला दोन दात. पाच बदामासारखा. शून्य म्हणजे टिंब. सात म्हणजे खाली टोक असलेली दोन रेघांची खाच, आणि आठ म्हणजे तीच खाच उलटी, टोक वर. यामुळे भोकाच्या नाण्यावर चूक फार होते. मजकूर गोल फिरलेला, मधे भोक, वरची बाजू कुठली ते पटकन उमगत नाही. नाणं उलटं धरलं की आठाचा सात होतो.

तुम्ही १३६७ म्हणता ती तीन नाणी पुन्हा बघा. आधी अक्षरं सरळ लावा, अलिफची उभी रेघ आणि तिच्या शेजारचा मजकूर बघून. मगच अंक वाचा. मला शंका आहे, पण तुमच्या तोंडून ऐकायचं आहे.

लातूर रोड

आमच्या आज्याची आडत होती लातूरला. शेंगा, करडी, तूर. त्याच्या बोलण्यात ‘हाली’ आणि ‘कलदार’ हे दोन शब्द जेवणात मीठ असावं तसे यायचे. हाली म्हणजे निजामाचा हाली सिक्का, चालू शिक्का. कलदार म्हणजे इंग्रजाचा, कळीवर म्हणजे यंत्रावर पाडलेला. पुढं निजामानंही यंत्र आणलं, पण कलदार हे नाव इंग्रजी रुपयालाच चिकटून राहिलं.

लातूर निजामाचं, बार्शी इंग्रजाची. मधे बार्शी लाईट रेल्वे, ती बारकी गाडी, लातूरला १९११ साली आली. माल बार्शीला जायचा आणि पैसा कलदारात यायचा. इकडं मजुरी द्यायची हालीत. शंभर कलदाराला एकशे सोळा हाली रुपये, दहा आणे, आठ पई असा ढोबळ भाव, बाजार बघून बट्टा, म्हणजे नाणं बदलून देताना कापायची कसर, कमीजास्त. सात हालीचे सहा कलदार म्हणा. म्हणजे एका कलदार रुपयाला हालीतले अठरा आणे आठ पई. आता हे शेवटचे ‘आठ पई’ द्यायचे कशाने? दोन पईची चार नाणी. गंगथडी, तुमच्या आजीच्या चंचीतली ही भोकाची नाणी मोडीला लागायची ती अशी.

आजा सांगायचा, अडाणी गड्याला फसवायचं असलं की बट्ट्यात फसवायचं. वजनात फसवलं तर तो ओळखतो, रोज उचलतो ना. बट्टा त्याला कळत नाही. आजा स्वतः आडतदार, तरी हे सांगताना आवाज खाली यायचा त्याचा. नावाला बट्टा लागला असं आपण म्हणतो, तो बट्टा या मोडीतूनच आलाय, आणि सरहद्दीवरच्या माणसाला तो रोज लागायचा.

चौकोनी आण्याबद्दल एक सांगतो. आजी आंधळी झाली होती शेवटी. बोटानं चाचपून चौकोनी, गोल, भोकाचं वेगळं करायची. वाचता न येणाऱ्या मुलखात आकार हेच अक्षर, असं मला वाटतं.

नवखा_बीड

मस्त माहिती. मी पण बघितलेत असे पैसे. म्हणजे निजामशाही ४०० वर्षं जुनी ना? मलिक अंबरच्या टायमाची नाणी म्हणल्यावर किंमत लाखात असणार. युट्यूबवर एक व्हिडिओ बघितला, त्यात भोकाच्या नाण्याला पाच लाख सांगत होते. फोन केला तर आधी नोंदणीचे दीड हजार भरा म्हणले. भरू का?

तुळजाई

बाळा, अजिबात भरू नकोस. जुनी नाणी विकत घेतो म्हणून आधी फी मागणारा माणूस फसवणाराच असतो. रिझर्व्ह बँकेच्या नावानेही असे प्रकार झाले आणि बँकेने २०२१ साली जाहीर सांगितलं की आम्ही असल्या व्यवहारात नाही, कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही. तुझ्या नाण्याचा फोटोही त्या माणसाला पाठवू नकोस.

दुसरं, निजामशाही वेगळी आणि निजाम वेगळे. अहमदनगरची निजामशाही १४९० ची, ती १६३६ ला संपली. मलिक अंबर तिचा वजीर, खडकी म्हणजे पुढचं औरंगाबाद त्याने वसवलं. हैदराबादचे निजाम आसफजाही घराण्यातले, १७२४ पासून १९४८ पर्यंत. दोघांत जवळपास नव्वद वर्षांची मोगलाई आहे. आपल्याकडे शाळेतही हे कुणी नीट उलगडून सांगत नाही, त्यामुळे तुझी चूक मी चूक मानत नाही.

नवखा_बीड

बरं झालं विचारलं मॅडम. भरणार होतो आज संध्याकाळी.

पैठणी काठ

भोकाची पई ही आपल्या भागातली सगळ्यात अलीकडची कडी. पैठणला नदीकाठच्या जुन्या वस्तीच्या पांढरीत, पावसाळा सरला की झारेकरी माती धुवायला यायचे. लहानपणी आम्ही त्यांच्या मागे बसून बघायचो. परातीत माती, पाणी, हलवून हलवून वरचं सांडायचं, तळाला जड ते उरतं. सोन्याचा कण मिळाला तर दिवाळी. पण तळाला बहुतेक वेळा काळपट, वेडेवाकडे तुकडे असायचे. शिशाचे. ते फेकून द्यायचे नाहीत, वजनावर विकायचे.

ते तुकडे सातवाहनांची नाणी होती. त्यांनी शिसं, तांबं आणि पोटीन, म्हणजे तांबं, कथील, शिसं यांची मिसळ, अशा हलक्या धातूंत रोजच्या वापरातलं नाणं मोठ्या प्रमाणावर पाडलं. चांदीची नाणीही होती, त्यांवर राजाचा चेहरा. शिशा-पोटीनच्या नाण्यांवर सोंड उचललेला हत्ती, तीन कमानींचा डोंगर, आणि मागच्या बाजूला फुलीच्या चार टोकांना चार वर्तुळं, ज्याला उज्जैन चिन्ह म्हणतात. भोवती ब्राह्मी अक्षरांत, प्राकृतात, ‘रञो सिरि सातकणिस’ अशा धर्तीचा मजकूर. राजा श्री सातकर्णीचं.

यात एक गोष्ट बघा. दोन हजार वर्षांपूर्वी प्रतिष्ठानच्या बाजारात भाजी घेणाऱ्या बाईच्या हातातल्या शिशाच्या तुकड्यावर तिच्या बोलण्याच्या जवळची भाषा होती. प्राकृत ही आपल्या मराठीची आजी. आणि तुमच्या आजीच्या चंचीतल्या पईवर तिला वाचता येईल असं एक अक्षर नाही.

बघायची असतील तर पैठणला बाळासाहेब पाटलांनी आयुष्यभर जमवलेल्या वस्तूंचं संग्रहालय आहे. तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांचं. दोघांनी गावोगाव फिरून, शेतकऱ्यांच्या बांधावर बसून हे गोळा केलं. भोकरदनलाही तो काळ जमिनीखाली आहे. ही सगळी त्या काळची व्यापाराची गावं. भोकरदन म्हणजे भोगवर्धन, तेर म्हणजे तगर.

गंगथडी

पैठणी काठ, तुम्ही जे शेवटी लिहिलंत त्यावर मी दोन दिवस अडकून होतो.

निजामाच्या नोटांवर मराठी होती. उर्दू, इंग्रजी, तेलुगू, कन्नड आणि मराठी, पाच भाषांत किंमत लिहिलेली असायची. पण नोट कुणाच्या हातात? आडतदाराच्या, सावकाराच्या, वकिलाच्या. ज्याला उर्दू येत असे त्याच्याकडे मराठीसुद्धा छापून यायची, आणि ज्याला फक्त मराठी येत असे त्याच्या तांब्याच्या नाण्यावर नुसतं फारसी. पंचम जॉर्जच्या काळच्या इंग्रजी दोन आण्यावर नागरी अक्षरं सापडतात. शिवराईवर तर एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, स्वच्छ देवनागरीत, तेही तांब्यावर, सगळ्यात हलक्या नाण्यावर. महाराजांनी सगळ्यात गरीब माणसाच्या नाण्यावर त्याची लिपी घातली. ही साधी गोष्ट नाही. पुढे पेशवाईतही शिवराया पडत राहिल्या आणि त्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत बाजारात चालत होत्या.

किल्लेदार

दौलताबादचा आहे, म्हणून एक भर घालतो. हलक्या धातूचं नाणं आणि त्यावरचा विश्वास यांचा सगळ्यात मोठा धडा आमच्या गावात झालेला आहे. महंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी देवगिरीला आणून तिचं दौलताबाद केलं हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यानंतर दोनतीन वर्षांतच त्याने पितळ-तांब्याचं नाणं काढलं आणि हुकूम केला की हे चांदीच्या टंक्याच्या किमतीने घ्यायचं. त्यातली काही नाणी दौलताबादला पाडलेली आहेत, ‘तख्तगाह दौलताबाद’ असं त्यांवर असतं. मजकूर असा की जो सुलतानाची आज्ञा पाळतो तो परमेश्वराची आज्ञा पाळतो.

नाण्यावर असं लिहायची वेळ आली यातच सगळं आलं. घरोघर लोकांनी तसलीच नाणी पाडायला सुरुवात केली, धातू मिळण्यासारखा, ठसा करायला सोपा. तीन वर्षांत हुकूम मागे घ्यावा लागला आणि खजिन्यातून पितळेच्या बदल्यात चांदी मोजावी लागली. तुघलकाला लोक वेडा म्हणतात. मला तो वेडा वाटत नाही. आज आपण जी नोट खिशात घालतो ती तीच कल्पना आहे. फक्त त्याला खोटं नाणं ओळखता येईल अशी घडण करता आली नाही. ठसा साधा होता.

या अंगाने गंगथडींच्या नाण्यांकडे बघा. तुघ्रा नुसता शोभेचा नाही. इतकी गुंतागुंतीची रेघ गावातल्या लोहाराला ठशात उतरवता येत नाही. यंत्रावर पाडलेली एकसारखी कड, अचूक मधोमध भोक, गोल केलेला कोपरा, हे सगळं नकली नाण्याच्या विरुद्धचं कुलूप आहे. हैदराबादची टांकसाळ १९०३ पासून सैफाबादला आली आणि तिथं यंत्रं होती. त्याआधीचे हाताने पाडलेले तांब्याचे ‘डब’ बघितलेत तर फरक लगेच कळेल. बेढब, जाड, अर्धा ठसा बाहेर गेलेला. तेलुगूत अजून पैशाला डब्बू म्हणतात आणि आपला ढब्बू पैसा त्याच घरातला दिसतो. सैफाबादच्या त्या इमारतीत २०२२ पासून टांकसाळीचं संग्रहालय आहे, जमलं तर जाऊन या. नाण्यांवर ‘जर्ब फरखुंदा बुनियाद हैदराबाद’ असं असतं, म्हणजे शुभ पायाच्या हैदराबादेत पाडलेलं. आमच्या औरंगाबादेलाही असाच किताब होता, ‘खुजिस्ता बुनियाद’, अर्थ जवळपास तोच. इथंही टांकसाळ होती.

उमरगा

मी बराच वेळ हा धागा वाचत होतो. लिहू की नको असं झालं. लिहितो.

तुम्ही सगळे फार प्रेमाने बोलताय या नाण्यांबद्दल. आमच्या घरात हे नाणं दिसलं की आजी तोंड फिरवायची. तिचा थोरला भाऊ रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्यांच्या, हल्ल्यात गेला, १९४८ च्या उन्हाळ्यात. गाव सोडून सोलापूरच्या बाजूला कॅम्पात राहिले होते सगळे. सरहद्द ओलांडली तेव्हा कनवटीला जे हाली नाणं होतं ते तिकडच्या दुकानदाराने घेतलं नाही. दोन लेकरं उपाशी, हातात आणे आहेत आणि घ्यायला कुणी तयार नाही. आजी म्हणायची, त्या दिवशी कळलं की आपल्याकडे काहीच नाही.

त्यामुळे आकार, तुघ्रा, शुभ पाया हे सगळं वाचताना मला त्रास होतो. तुमचं चुकलं असं म्हणत नाही. पण हेही इथं लिहिलेलं असावं.

गंगथडी

दादा, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. हे नसतं तर धागा अर्धाच राहिला असता.

मी या नाण्यांवर प्रेम करतो ते ज्याचं नाव त्यांवर आहे त्याच्यासाठी नाही. ज्यांच्या हातांनी ती झिजली त्यांच्यासाठी. तुमच्या आजीच्या कनवटीला जे होतं तेच माझ्या आजीच्या चंचीत होतं, आणि न चालणारं नाणं हातात असणं म्हणजे काय ते तुम्ही दोन ओळींत सांगितलंत. विनिमयाचा दर मी कितीही वेळा मांडला तरी ते मला सांगता आलं नसतं. सरहद्दीवर बट्टा किती लागायचा ते लातूरच्या दादांनी सांगितलं. माणूस जीव घेऊन पळतो तेव्हा बट्टासुद्धा मिळत नाही.

तुमच्या आजीचं नाव सांगू नका, पण ही आठवण घरातल्या पोरांना लिहून ठेवा.

तुळजाई

उमरगा, माझे वडील त्या वेळी तुरुंगात होते. स्वामी रामानंद तीर्थांच्या हाकेला ज्यांनी शाळा सोडल्या त्यांच्यातले. ते सुटून आले तेव्हा भारताच्या फौजेची पोलीस कारवाई होऊन गेली होती, १७ सप्टेंबर, म्हणजे १९४८ चा मुक्तिदिन, मागे पडला होता, आणि घरात आईकडे खर्चाला होते ते हालीच होते. राज्य गेलं तरी नाणं गेलं नाही. भारतीय रुपया इथं १९५० ला हालीच्या जोडीने आला, सात हालीला सहा या भावाने. पुढच्या वर्षी हाली काढणं थांबलं. पण जे लोकांच्या हातात होतं ते एकदम रद्द केलं नाही, ते १९५९ ला झालं. तोवर मराठवाडा १९५६ ला मुंबई राज्यात गेला होता आणि १९५७ च्या एप्रिलपासून नवे पैसे आले होते. म्हणजे माझ्या आईने सात वर्षांत तीन हिशोब शिकले. हाली, कलदार, नवे पैसे. कुणी तिला शिकवलं नाही. बाजारात उभं राहून शिकली.

गंगथडी, मी तुम्हाला काहीतरी बघायला सांगितलं होतं.

लातूर रोड

धागा थोडा जपणुकीकडे नेतो, कारण निरोपात दोघांनी विचारलंय. तांब्याचं नाणं चिंच, लिंबू, राख, भांड्याची पावडर यांनी घासू नका. वरचा हिरवट-तपकिरी थर शेकडो हातांचा आणि वर्षांचा आहे, घासलं की तो जातो आणि बारीक रेषाही जातात. माती असेल तर शुद्ध पाण्यात भिजत ठेवा, मऊ कापडानं टिपा, सावलीत वाळवा. प्लास्टिकच्या स्वस्त पाकिटात कोंबू नका, तांबं हिरवं पडतं. कागदी लिफाफा बरा. लिफाफ्यावर कुठं मिळालं, कुणाचं होतं, ते पेन्सिलीनं लिहा.

आणि शेतात नांगरताना सापडलं तर घरात दडवून ठेवू नका. १८७८ चा कायदा आहे, जमिनीत पुरलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. घरातल्या चंचीतलं आजीचं, ते तुमचं.

पैठणी काठ

याला जोडून. झारेकऱ्यांनी शिसं म्हणून विकलेली किती नाणी भट्टीत गेली त्याची गणतीच नाही. शंभरापेक्षा जास्त वर्षं जुनं नाणं परदेशात पाठवायला १९७२ च्या कायद्याने बंदी आहे, पण वितळवायला परदेश लागत नाही, मोडीचं दुकान पुरतं. गंगथडींच्या घरातले ‘मोडीत दे’ म्हणाले, आणि त्यांनी दिली नाहीत, इतक्या एका गोष्टीवर हा धागा उभा आहे.

गंगथडी

तुळजाई ताई, उशीर झाला, माफ करा. भिंग मिळत नव्हतं. काल सेलूच्या एका घड्याळवाल्याकडून मागून आणलं.

ज्या तीन नाण्यांवर मी १३६७ वाचलं होतं ती पुन्हा बघितली. अक्षरं सरळ लावली तशी खाचेची दिशा बदलली. टोक वर आहे. तिन्ही १३६८ ची आहेत.

मग कागदावर हिशोब केला. तुमच्या रीतीने १९४८ आणि ४९ च्या मधे येतं. तिथीवरून पडताळलं तर हिजरी १३६८ नोव्हेंबर १९४८ च्या सुरुवातीला लागलं. म्हणजे १७ सप्टेंबरनंतर दीड महिन्याहून अधिक. ही तीन नाणी पाडली तेव्हा हैदराबाद स्वतंत्र राहिलं नव्हतं. फौज येऊन गेली होती, रझाकारांचं काम संपलं होतं. टांकसाळ मात्र चालूच होती, त्याच ठशाच्या घडणीने, त्याच सनाच्या पद्धतीने. लोकांना बाजारात सुटे लागतातच, राज्य कुणाचंही असो.

उमरग्याच्या दादांना हे मुद्दाम सांगायचं होतं. तुमच्या आजीच्या कनवटीला जी होती ती या तीनांच्या आधीची असणार.

आज सकाळी आईला दाखवली. आई ब्याऐंशीची आहे, नजर कमी झाली आहे. तिने चौकोनी बाजूला सारली. भोकाच्या सगळ्या तळहातावर घेतल्या, एकेक बोटाने चाचपली आणि एक वेगळी काढली. भोकाची कड एका अंगाने घासून पातळ झालेली. म्हणाली, ही तुझ्या मामाच्या करदोड्यात होती. दृष्ट लागू नये म्हणून आजीने काळ्या दोऱ्यात ओवून बांधली होती, मामा चालायला लागेपर्यंत.

त्या नाण्यावर १३६८ आहे. मामाचा जन्म कधीचा म्हणून विचारलं. मुक्तीनंतरच्या पहिल्या संक्रांतीचा.